फिश टँकचा स्टँड लाकडी करू की लोखंडी?

प्रश्न: चार फूट लांब, दीड फूट रुंद नि दीड फूट उंच टँक घेतोय. सुतार म्हणतो टीव्ही युनिटवर आरामात बसेल. ठेवू का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: अजिबात नको! या मापात काठोकाठ साधारण 255 लिटर पाणी मावतं, म्हणजे 255 किलो नुसतं पाणीच, वर काच आणि खडी धरली तर सव्वातीनशेच्या पुढे जातं, आणि टीव्ही युनिट बहुतेक वेळा पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) असतं, पाणी लागलं की फुगतं आणि मग स्क्रू धरत नाही.

फॅब्रिकेशनवाल्याकडून दीड इंची एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) चौकोनी पाइपची फ्रेम करून घ्या. वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसवायला सांगा, पायांच्या बाजूला चिकटवून नको, नाहीतर सगळा भार वेल्डिंगवर येतो. मागच्या बाजूला एक तिरका पाइप हवाच, त्याशिवाय स्टँड आडवा हलतो (हा पाइप वाचवायला बघतात लोक, का ते देव जाणे). मग रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्राइमर), त्यावर ऑइल पेंट. वर 18 एमएमचा मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा प्लायवुड), कडासुद्धा रंगवायच्या, पाणी तिथूनच शिरतं. त्यावर थर्माकोलची शीट, म्हणजे खाली बारीक खडा राहिला तरी काचेला टोचत नाही.

लेव्हल टँक रिकामा असतानाच बघा, पाचर लावायची तर पायाखाली, टँकखाली नाही. सुताराला कामच द्यायचं असेल तर खालच्या कपाटाची दारं त्याच्याकडून करून घ्या, फिल्टर आणि वायरी झाकल्या जातील.