हरितवायू की हरितगृह वायू?

प्रश्न : 'माणसामुळे वातावरणातले हरितवायू वाढले' असं वाचलं. 'हरितगृह वायू'चा संक्षेप म्हणून 'हरितवायू' चालेल का?

मुळीच नाही. हरितगृह म्हणजे रोपं वाढवण्याचं काचेचं घर, आणि त्याच्यासारखी पृथ्वीची उष्णता धरून ठेवतात ते हरितगृह वायू. बातम्यांत हा शब्द सारखा कानावर आदळतो आणि दर वेळी चीड येते. 'गृह' गाळलं की हरित ऊर्जा, हरित इमारत यांच्या पंगतीत कार्बन डायऑक्साइडही सज्जन म्हणून जाऊन बसतो. शिवाय तो, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे तिन्ही वायू रंगहीन आहेत.

नावाप्रमाणे हरित असलेला वायू म्हणजे क्लोरीन. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८१० मध्ये हे नाव ठेवलं ते ग्रीक 'ख्लोरोस'वरून, म्हणजे पिवळट हिरवा. आणि हा 'ख्लोरोस' आपल्या संस्कृत 'हरि', 'हरित'चा सख्खा चुलतभाऊ! दोघांचं मूळ एकच, आणि त्या मुळात पिवळा नि हिरवा यांची फारकत झालेली नव्हती. म्हणून त्याच कुळात हिरण्य येतं, हरिद्रा येते, हरिद्रेची झालेली हळद येते आणि इंग्रजांचा 'यलो'सुद्धा. माझं तर स्पष्ट मत आहे की हरितगृह वायूंपैकी 'हरित' विशेषणावर हक्क फक्त क्लोरोफ्लुरोकार्बनांचा. क्लोरीन त्यांच्या रेणूतच आहे. शीतकरणासाठी माणसाने ती घडवली आणि उष्णता धरून ठेवण्यात ती, रेणूमागे पाहिलं तर, कार्बन डायऑक्साइडला कितीतरी मागे टाकतात.

काही जण 'काचगृह वायू' सुचवतात. तेही मला पटत नाही. काचेचं घर तापतं ते मुख्यतः आतली गरम हवा निसटू शकत नाही म्हणून. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडने १९०९ मध्येच प्रयोग करून हे मांडलं होतं. हे वायू हवा अडवतच नाहीत. जमिनीकडून वर जाणारे अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, ते शोषतात आणि त्यातली काही उष्णता खाली परत येते. तेव्हा उपमा सोडून सरळ 'उष्णताधारक वायू' म्हणावं. परीक्षेत मात्र रूढ 'हरितगृह वायू'च लिहा.

वाक्यातला 'माणसामुळे' मात्र अगदी बरोबर आहे. उद्योगयुगापूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते, आता ४२०च्या वर आहेत. हे कोळसा, तेल नि इंधनवायू जाळल्याने, सिमेंट भाजल्याने आणि जंगलं तोडल्याने झालं. मिथेन तर अडीचपटीहून जास्त वाढला आहे : गुरं, भातखाचरं, कचऱ्याचे ढीग, खाणी आणि गळक्या वायुवाहिन्या यांतून.