वाचकांचे प्रश्न : एटीव्हीच्या मागच्या ॲक्सलचा नट आणि घरी बनवलेला पाना

प्रश्न : काका नमस्कार. कर्द्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायला आमच्या तीन एटीव्ही (वाळूत चालणाऱ्या चारचाकी मोटारसायकली) आहेत. त्यातल्या एकीचा मागचा ॲक्सल सारखा ढिला होतो, चेन कडाकडा वाजते. ब्रेक डिस्कच्या बाजूला दोन मोठे पातळ नट एकाला एक चिकटून आहेत, ते सुटतात. एवढा मोठा पाना आसपासच्या एकाही गॅरेजात मिळाला नाही म्हणून छिन्नी लावून हातोडीने ठोकून आवळतो, पण चार दिवसांत परत तेच. घरी पाना बनवता येईल का? वाडीत वेल्डिंगवाला आहे.
— एक वाचक, कर्दे, ता. दापोली

उत्तर : बनवता येईल, आणि चांगला बनेल. पण पहिलं काम म्हणजे ती गाडी आजपासून पर्यटकांना द्यायची बंद करा. मागे लहान पोरं बसवून लोक फिरतात त्यावर, आणि तो नट सुटला की हब (ॲक्सलवर बसणारा गोल भाग) ॲक्सलवर मागेपुढे खेळायला लागतो, मग स्प्लाइन, म्हणजे ॲक्सलवरचे दाते, खाल्ले जातात, आणि स्प्लाइन गेले की पाना कितीही चांगला असला तरी ॲक्सलच बदलावा लागतो. माझ्याकडे एक गाडी आली होती, तिचे स्प्लाइन बोटाने चाचपले तर नुसते गुळगुळीत लागत होते.

आता छिन्नीने का राहत नाही ते सांगतो. दोन नट दिलेत ते एकमेकांना दाबून धरण्यासाठी. आतला नट जागेवर घट्ट बसला पाहिजे, मग त्याला एका पान्याने धरून ठेवून बाहेरचा त्याच्यावर आवळायचा, म्हणजे दोघांचे आटे उलटसुलट ताणले जातात आणि दोघंही हलत नाहीत. छिन्नी ठोकली की दोन्ही नट एकदमच फिरतात, लॉक होतच नाही, आणि वर नटाचे कोपरे झिजतात ते वेगळंच. म्हणजे तुम्हाला एक नाही, दोन पाने लागणार, आणि दोन्ही पातळ. नटाच्या जाडीपेक्षा पान्याची जाडी थोडी कमीच हवी, नाहीतर तो शेजारच्या नटावर चढतो. गोटी (सॉकेट) इथे कामाची नाही कारण ती दोन्ही नटांना एकत्रच पकडते.

माप घ्यायला व्हर्नियर घ्या, टेपने नको. नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर मोजा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नाही. हे नट ४१, ४६, ५० असे वेगवेगळ्या मिलिमीटरचे असतात, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीचा आकडा ऐकून लोखंड कापू नका. कागदावर नटाचा षटकोन काढायचा असेल तर कंपासपेटी घ्या, त्या अंतराला ०.५७७ ने गुणा, म्हणजे ४६ च्या नटाला साधारण २६.५ मिलिमीटर येईल, तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढून तीच त्रिज्या परिघावर सहा वेळा फिरवली की झाला षटकोन. तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापा, पुठ्ठा थेट नटाला लावून बघा, आणि नीट बसला की मगच लोखंडावर आखा. या पुठ्ठ्याला अर्धा तास गेला तरी चालेल, पुढचे चार तास वाचतात.

लोखंड म्हणून १०० मिमी रुंद आणि १० मिमी जाड साधी एमएसची (माइल्ड स्टीलची) पट्टी पुरते, फक्त तुमच्या नटाची जाडी आधी बघा. जबड्याच्या, म्हणजे पान्याच्या नट धरणाऱ्या तोंडाच्या, दोन्ही बाजूंना निदान २५ मिलिमीटर लोखंड राहू द्या, कारण उघड्या पान्याचा जबडा तिथेच फाकतो. पुष्कळ जण सांगतील ट्रकचा जुना कमानपाटा घे, तो कडक असतो. असतो, पण गॅसने कापला की कडा इतक्या कडक होतात की कानस नुसती घसरते. तोच वापरायचा असेल तर लाल तापवून चुलीच्या राखेत पुरून रात्रभर हळूहळू थंड होऊ द्या, मग कानस चालते. पाण्यात मात्र बुडवू नका, ठिसूळ होऊन जोर दिल्यावर तुटेल आणि तुकडा तोंडावर येईल. पहिल्यांदाच बनवताय तर माझं ऐका, साधी एमएसच घ्या.

जबड्याच्या रेषेच्या आतून जवळजवळ भोकं पाडा, मधला तुकडा ग्राइंडरने काढा, आणि शेवटचा एक मिलिमीटर कानशीनेच घ्या, घाई न करता, दर दहा-बारा हातांनी नटाला लावून बघत. नट आत सरकला पाहिजे पण डुगडुगता कामा नये. दांडा ६० सेंटिमीटर ठेवा. दांड्याला घरातला पाण्याचा जीआय पाईप वेल्ड करू नका, त्यावरच्या जस्ताचा धूर नाकात गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. काळा पाईप किंवा पट्टी घ्या.

किती आवळायचं? तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असतो तोच धरायचा. अंदाज यावा म्हणून सांगतो, ६० सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला ३० किलोचा जोर लावलात तर साधारण १७५ न्यूटन मीटर होतो. हातातला जोर किती ते कळत नसेल तर मासेवाल्यांकडचा स्प्रिंगकाटा टोकाला अडकवून ओढा. त्याहून बरं म्हणजे एका पान्याच्या दांड्यात अर्धा इंची चौकोनी भोक पाडून घ्या आणि तिथे टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) लावा. तो काटकोनात लावलात तर आकडा तोच राहतो, सरळ रेषेत लावलात तर लांबी वाढते म्हणून आकडा कमी करावा लागतो. टॉर्क पाना ५० सेंमीचा आणि नटाच्या मध्यापासून भोकापर्यंत १५ सेंमी असेल तर २०० हवे असताना १५४ वर सेट करायचं. मी तरी काटकोनातच लावतो, गणिताची भानगड नको.

आवळताना गाडी जॅकवर नको, चारही टायर जमिनीवर आणि पुढच्या चाकांना दगड. आटे वायर ब्रशने घासून वाळू काढा, पेट्रोलने पुसून कोरडे करा, तेल राहिलं तर लॉकिंग लिक्विड (आटे चिकटवून धरणारं औषध) धरत नाही. निळं लावा. लाल लावलंत तर पुढे काढताना २५० डिग्रीपर्यंत तापवावं लागतं आणि शेजारी बेअरिंगचं सील असतं, ते जळेल. झाल्यावर दोन्ही नटांवरून ॲक्सलपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ मारा, रोज सकाळी गाडी काढताना रेघ तुटली का बघा. आणि संध्याकाळी लाटांतून फिरवून आणली की गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशरचा पाईप बेअरिंगवर धरू नका, खारं पाणी आणि वाळू सीलमधून आत ढकलली जाते.

प्रश्न : आमच्या एटीव्हीच्या चाकाच्या हबला खाचांचा नट आहे, त्यातली पिन हरवली म्हणून सध्या तार घातलीय. त्यासाठी पण असाच पाना बनवू का?
— एक वाचक, तारकर्ली

उत्तर : नको. तिथे नट एकटा आणि मोकळा असतो, गोटी सरळ बसते, आणि गोटी बाजारात मिळते, ती विकतच घ्या. तार आजच काढा. नट मॅन्युअलप्रमाणे आवळल्यावर खाच ॲक्सलमधल्या पिनेच्या भोकासमोर आली नाही तर नट मागे सोडायचा नाही, पुढेच थोडा आवळून खाच जुळवायची. आणि पिना दहा-बारा आणून ठेवा, वाकवलेली काढली की ती टाकून द्यायची, सरळ करून परत घालायची नाही.