मांजराचं दोन महिन्यांचं पिल्लू पाहुणे आले की पलंगाखाली लपतं. माणसाळवायचं कसं?

पिल्लं माणसांना सर्वांत सहज सरावतात ती साधारण 2 ते 7 आठवड्यांची असताना. तुमचं थोडं पुढे गेलंय, पण जमेल, फक्त वेळ लागेल. पलंगाखालून ओढून मात्र काढू नका. आमच्याकडे त्या एका चुकीने पंधरा दिवस वाया गेले. एका वेळी एकच पाहुणा. त्याने खाली जमिनीवर बसावं, टक लावून बघू नये, बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचा तुकडा पुढे ठेवावा आणि गप्पा मारत राहावं. पिल्लू आपणहून येतं. मिक्सर, कुकरची शिट्टी आधी लांबच्या खोलीतून ऐकू द्या, तेही ते खात असताना. रोज पंजे, कान हलकेच हाताळा, नखं कापताना उपयोग होतो. आणि डॉक्टरांकडे न्यायची टोपली घरातच उघडी ठेवा, झोपू दे त्यात.