खुल्या फीडवरून भूकंपांचा नकाशा

स्वतःचा सर्व्हर न ठेवता जगभरातील ताजे भूकंप दाखवणारा नकाशा दोन दिवसांत तयार होईल का, असे आपण विचारले आहे. नक्कीच होईल. अमेरिकेची यूएसजीएस ही भूगर्भ सर्वेक्षण संस्था भूकंपांच्या नोंदी जिओजेसन या नकाशांसाठीच्या माहिती-स्वरूपात खुल्या ठेवते. गेला तास, दिवस, आठवडा आणि महिना यांच्या वेगवेगळ्या फीड, म्हणजे सतत अद्ययावत होणाऱ्या याद्या, आहेत, त्यांना एपीआय की (वापरासाठीचा सांकेतिक परवाना) लागत नाही आणि त्या ब्राउझरमधून थेट मागवता येतात. पार्श्वभूमीला ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा घ्यावा व मांडणीसाठी लीफलेट ही जावास्क्रिप्ट लायब्ररी. ओपनस्ट्रीटमॅपचा श्रेयोल्लेख नकाशावर दिसलाच पाहिजे, आणि त्यांचे टाइल (नकाशाचे चौकोनी तुकडे) पुरवणारे सर्व्हर देणग्यांवर चालत असल्याने वर्दळ वाढल्यास दुसरी टाइल सेवा घेणे योग्य.

एवढे काम एका संध्याकाळी होते. उरलेला वेळ विदा (डेटा) समजून घेण्यास द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. जिओजेसनमध्ये आधी रेखांश येतो, मग अक्षांश, आणि या फीडमध्ये तिसरा आकडा किलोमीटरमधील खोलीचा असतो. लीफलेटचे जिओजेसन फंक्शन हा क्रम स्वतः सांभाळते, पण खूण हाताने ठेवताना अदलाबदल झाली, तर किल्लारी थेट स्वालबार्डजवळच्या समुद्रात जाते! वेळ यूटीसीनुसार (जागतिक प्रमाणवेळेनुसार) मिलिसेकंदांत असते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भूकंपाची पहिली नोंद बहुधा यंत्राने केलेली असते. तज्ज्ञांनी तपासल्यावर तिची तीव्रता आणि स्थान बदलू शकते, क्वचित नोंदच रद्द होते, आणि तिचा मुख्य आयडीही बदलू शकतो. त्यामुळे जुन्या खुणांत नव्या मिसळत न बसता प्रत्येक वेळी खुणांचा संपूर्ण थर पुसून पुन्हा काढावा. फीड साधारण मिनिटाला एकदा अद्ययावत होते, म्हणून त्याहून वारंवार मागणी करण्यात काही लाभ नाही.

कोयना परिसरातील लहान धक्के या फीडमध्ये सहसा सापडणार नाहीत, कारण अमेरिकेबाहेरील साधारण ४.५ पेक्षा कमी तीव्रतेच्या अनेक नोंदी तिच्यात येतच नाहीत. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा किंवा ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप मात्र त्याच संस्थेच्या शोध-एपीआयला (जुन्या नोंदी शोधून देणाऱ्या सेवेला) तारखा आणि त्रिज्या देऊन मिळवता येतो. सध्याच्या लहान धक्क्यांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या नोंदी पाहाव्यात, आणि आपल्या नकाशावर ही मर्यादा ठळक मराठीत लिहावी, म्हणजे पाटणमधील वाचक रिकामी जागा पाहून तिथे काहीच घडले नाही असे समजणार नाही.