प्रॉक्समॉक्स: एनव्हीएमई बसवल्यापासून नेटवर्क कार्ड सापडत नाही, काय करू?

तुमचं म्हणणं असं की घरच्या डेस्कटॉपवर प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी लिनक्स प्रणाली) व्यवस्थित चालू होतं, एनव्हीएमई (एम.२ स्लॉटमध्ये बसणारी वेगवान एसएसडी) बसवली आणि तेव्हापासून ८००६ पोर्टवरचं त्याचं वेब पान उघडत नाही. नेटवर्क कार्डाचं नाव, ‘ईएनपी३एस०’, कुठेच दिसत नाही. रीइन्स्टॉल करू नका, नवीन कार्डही मागवू नका. कार्ड बहुतेक धडधाकट आहे, फक्त त्याचं नाव बदललंय.

‘ईएनपी३एस०’मधला ३ हा पीसीआय बसचा (बोर्डावर कार्डं जोडणाऱ्या मार्गाचा) नंबर असतो. नवीन एनव्हीएमईने मधेच एक नंबर घेतला की पुढचे सगळे सरकतात आणि कार्ड ‘ईएनपी४एस०’ होतं. पण व्हीएमबीआर० हा ब्रिज (कार्ड आणि व्हीएम यांना जोडणारा आभासी स्विच) अजून जुन्याच नावाला धरून बसलेला असतो. गंमत म्हणजे मॉनिटरवर लॉगिनच्या वर तोच जुना आयपी पत्ता ऐटीत झळकत राहतो. त्याच्यावर जाऊ नका, तो मजकूर फाइलमधून येतो.

आधी कन्सोलवर (मशीनच्याच मॉनिटर-कीबोर्डवर) ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवा, त्यात सगळी कार्डं आणि त्यांचे ड्रायव्हर दिसतात, आणि इथरनेट कंट्रोलरची ओळ शोधा. तिच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असं लिहून आर८१६९, ई१०००ई, आयजीसी यांपैकी काही दिसलं, तर प्रश्न नावाचाच. ‘आयपी लिंक’ने नवीन नाव बघा. तिथे ‘डाउन’ दिसलं तरी घाबरू नका, त्या नावाचं कार्ड चालू करायला कुणी सांगितलेलंच नाही. मग ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ नॅनो या एडिटरमध्ये उघडा आणि जुनं नाव जिथे जिथे आहे तिथे नवीन टाका. ‘आयफेस’च्या ओळीत आणि ‘ब्रिज-पोर्ट्स’च्या ओळीत, दोन्हीकडे, लोक दुसरी विसरतात. शेवटी ‘आयएफरीलोड -ए’ चालवा, म्हणजे बदल लागू होतील. रीबूटचीही गरज नाही.

उद्या ग्राफिक्स कार्ड बसवलंत की हेच परत होणार, म्हणून नाव मॅक पत्त्याला (कार्डाच्या स्वतःच्या हार्डवेअर क्रमांकाला) बांधून टाका. प्रॉक्समॉक्स ९ मध्ये त्यासाठी ‘पीव्हीई-नेटवर्क-इंटरफेस-पिनिंग’ नावाची कमांड आहे. जुन्या आवृत्तीत ‘/ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क’मध्ये हाताने ‘.लिंक’ फाइल लिहावी लागते.

ड्रायव्हरच्या जागी ‘व्हीएफआयओ-पीसीआय’ दिसलं, तर कार्ड पासथ्रूने (म्हणजे ते थेट व्हीएमला देण्याच्या सोयीने) पळवलंय. पासथ्रू मॉडेलच्या आयडीवरून दिलं असेल तर एकाच मॉडेलची दोन्ही कार्डं व्हीएफआयओ-पीसीआयच्या ताब्यात जातात. ड्रायव्हरची ओळच नसेल तर मोड्यूल (कर्नलमधला ड्रायव्हरचा तुकडा) लोड झालेलं नाही. रिअलटेक ८१२५ या नेटवर्क चिपला लिनक्स कर्नल ५.४ पासूनच आधार आहे, तेव्हा इंटरनेटवर वाचून वेगळा डीकेएमएस ड्रायव्हर (प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बनवावा लागणारा) टाकला असेल तर संशय आधी त्याच्यावर घ्या: कर्नल अपडेट झाला, त्याचे हेडर्स (ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या फाइली) नव्हते, मोड्यूल बनलंच नाही. पॅकेज उतरवायला नेट हवं असेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, तात्पुरतं कार्ड मिळतं.

आणि एलएसपीसीआयमध्ये कार्डच नसेल, तर लिनक्सला दोष देऊन उपयोग नाही. कार्ड स्लॉटमधलं असेल तर मदरबोर्डचं मॅन्युअल काढा. बऱ्याच बोर्डांवर एम.२ भरली की एखादा पीसीआय स्लॉट बंद पडतो, आणि हे अगदी बारीक अक्षरात छापलेलं असतं. कार्ड बोर्डावरचंच असेल तर बायॉसमध्ये ‘ऑनबोर्ड लॅन’ चालू आहे ना ते बघा.

यातलं काहीच जुळलं नाही, तर एलएसपीसीआयचं पूर्ण आउटपुट आणि बोर्डाचं मॉडेल प्रश्नात जोडा.