अथेन्सच्या उन्हाळी वर्गासाठी ठेव मोडावी का?

प्रश्न : माझी मुलगी कोल्हापुरात बी.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अथेन्समधल्या अमेरिकन पुरातत्त्व संस्थेची व्याख्यानं ती रात्री मोबाइलवर ऐकत बसते. आता तिथल्या उन्हाळी वर्गाला जायचं म्हणते. मुदतठेव मोडून पाठवावं का? त्या प्रमाणपत्रावर नोकरी लागेल का? – एक पालक

उत्तर : नमस्कार. ठेव यंदा मोडू नका. पण तिची व्याख्यानं मात्र बंद करू नका. अथेन्सची संध्याकाळची सातची वेळ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. त्या वेळी एखादी मुलगी आपणहून ऐकायला बसते, ही साधी गोष्ट नाही.

ती ऐकते ती ‘अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज’ ही संस्था १८८१ सालची. ती पदवी देत नाही. कोरिंथ या प्राचीन ग्रीक शहरात १८९६ पासून आणि अथेन्सच्या अगोरात, म्हणजे प्राचीन बाजारचौकात, १९३१ पासून तिचं उत्खनन चालू आहे. त्यामुळे तिथलं शिकणं प्रत्यक्ष जागेवर होतं. उन्हाळी वर्गात प्रत्येकाला एखादी वास्तू किंवा विषय नेमून देतात. त्याचा अभ्यास करून यायचं आणि त्या अवशेषांसमोर भर उन्हात उभं राहून बाकीच्यांना समजावून सांगायचं. मग प्रश्न सुरू होतात : हा थर आधीचा कशावरून? दगड पुन्हा वापरलेला दिसतोय का? अभ्यासाचा पाया कच्चा असेल तर एवढा खर्च करून मूल नुसतं पाहून परत येतं, याचं मला फार वाईट वाटतं. वर्षभराच्या अभ्यासक्रमासाठी तर प्राचीन ग्रीक भाषेचीही परीक्षा असते. शिवाय ही संस्था मुख्यतः उत्तर अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या आधारावर चालते, तेव्हा आपली मुलगी पात्रतेत बसते का, हे आधी विचारून घ्या.

तिची तयारी किती आहे, हे कोल्हापुरातच कळेल. ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती तुमच्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. तिथे तिला पंधरा मिनिटं बोलायला सांगा आणि तुम्ही स्वतः समोर उभे राहा. मूर्तीबरोबर आणखी काय सापडलं? ती बाहेरून आली हे कशावरून ठरवलं? समुद्रापासून इतक्या आत ती कुठल्या वाटेने आली असेल? जिथे अडेल तिथून पुढचं वाचन सुरू करू दे. व्याख्यानांचंही तसंच. वक्त्याचा एखादा लेख आधी वाचावा, एक नेमका प्रश्न लिहून ठेवावा आणि जमलं तर ईमेलने विचारावा.

नोकरीचं म्हणाल, तर नुसत्या त्या प्रमाणपत्रावर लागणार नाही. बी.ए. नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एम.ए. करावं आणि उत्खननात सापडणारी खापरं, हाडं किंवा जळकी बियाणी यांतल्या एकाच्या अभ्यासाचं काम हातात बसवावं. अथेन्सच्या याच संस्थेत वीनर प्रयोगशाळा आहे, तिथे हाडं आणि वनस्पतींच्या अवशेषांवर संशोधन चालतं. असं एक कौशल्य घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला तिथल्या माणसांशी कामाचं बोलता येतं. शिष्यवृत्तीच्या अर्जाला प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात, आणि ती उत्खननावर तुमचं काम पाहिलेल्या माणसाने दिली तरच त्यांना वजन येतं. म्हणून या हिवाळ्यात महाराष्ट्रात कुठे उत्खनन चालू असेल, तर तिथे मदतीला जाता येईल का, हे तिने कॉलेजातल्या सरांना आत्ताच विचारावं.

ठेव पुण्यातल्या वसतिगृहासाठी आणि एम.ए.च्या फीसाठी राहू द्या.