कातडीकाम : पट्टा, म्यान आणि कात्रीचे घर यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाजारातून आणलेला प्रत्येक पट्टा वर्षभरात भोकांपाशी ताणतो किंवा त्याचे पापुद्रे निघतात. म्हणून या वेळी पट्टा घरीच करण्याचे ठरवले आहे. कातडे कोणते घ्यावे आणि माप कसे काढावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पापुद्रे निघणारा पट्टा बहुधा अखंड कातड्याचा नसतो. कातड्याचा चुरा डिंकासारख्या द्रव्यात दाबून तयार केलेल्या पत्र्यावर किंवा कातड्याच्या आतल्या, सैल थरावर प्लॅस्टिकचा लेप देऊन वर दाणा, म्हणजे कातड्याच्या पृष्ठभागाची नक्षी, उमटवलेला असतो. दुकानात पट्ट्याची कापलेली कड किंवा भोकाची आतली बाजू पाहिली तर हे लक्षात येते. सलग, दाट तंतू दिसले तर माल ठीक समजावा. कडेवर जाड रंग थापून ती झाकलेली असेल तर झाकण्याचे कारण काय असावे याचा विचार करावा.

पट्ट्यासाठी वनस्पतिजन्य द्रव्यांनी, म्हणजे बाभळीची साल, हिरडा यांसारख्या टॅनिनयुक्त पदार्थांनी कमावलेले, साडेतीन ते चार मिलिमीटर जाडीचे कातडे घ्यावे. काही व्यापारी जाडी औंसात सांगतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, साधारण ०.४ मिलिमीटर, तेव्हा नऊ-दहा औंसांचे कातडे मागितले तर चालेल. महाराष्ट्रात २०१५च्या कायद्यानंतर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आल्यामुळे इथले स्थानिक कातडे मुख्यतः म्हशीचे असते. त्याचा दाणा गाईच्या कातड्यापेक्षा भरड असतो, पण पट्ट्याला ते उत्तम चालते.

जाडीपेक्षाही महत्त्वाचे आहे ते कातडे जनावराच्या कोणत्या भागाचे आहे हे. कण्याच्या दोन्ही बाजूंचा पाठीचा भाग घट्ट असतो आणि फारसा ताणत नाही, तर पोटाचा भाग सैल आणि लवचीक असतो. मी पहिला पट्टा स्वस्त मिळाले म्हणून पोटाच्या तुकड्यातून काढला होता. दिसायला तो झकास होता, पण तीन महिन्यांत मी मधल्या भोकावरून शेवटच्या भोकावर आलो, आणि माझे पोट काही कमी झाले नव्हते. म्हणून पट्टी नेहमी कण्याला समांतर कापावी. तुकडा हातात घेऊन दोन्ही दिशांनी ओढून पाहावा. ज्या दिशेने तो कमी ताणतो ती पट्ट्याची लांबी.

माप कमरेवरून टेपने काढू नये आणि पँटच्या लेबलवरील आकड्यावर तर मुळीच विसंबू नये. सध्या नीट बसणारा पट्टा सपाट पसरावा आणि बक्कलच्या दांडीभोवती कातडे जिथे दुमडते तिथपासून रोज वापरात असलेल्या भोकापर्यंत मोजावे. समजा हे अंतर ९२ सेंटिमीटर भरले. तेच नव्या पट्ट्याच्या मधल्या भोकाचे स्थान. त्याच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंटिमीटरवर दोन-दोन भोके घ्यावीत, म्हणजे पाच भोके ८७पासून ९७पर्यंत येतील. शेवटच्या भोकापुढे टोकासाठी सात सेंटिमीटर आणि बक्कलकडे दुमडायला सात सेंटिमीटर धरले की एकूण पट्टी १११ सेंटिमीटरची होते. जीन्ससाठी ३८ मिलिमीटर आणि कार्यालयीन पँटसाठी ३० ते ३५ मिलिमीटर रुंदी पुरते, मात्र बक्कल आधी विकत घ्यावे आणि रुंदी त्यावरून ठरवावी. उलट केले की बक्कल शोधत बाजार पालथा घालावा लागतो.

कापताना प्रथम लोखंडी पट्टी लावून एक कड सरळ करावी आणि दुसरी कड त्या कडेवरून आखावी. रापी धारदार हवी. बोथट रापीने कातडे कापले जात नाही, ओढले जाते, आणि ओढलेली कड कितीही घोटली तरी लाटेसारखी दिसते. बक्कलकडचा दुमडायचा भाग आतल्या बाजूने छिलून निम्म्या जाडीचा करावा आणि दुमड जिथे येईल तिथे काट्यासाठी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची खाच पाडावी. खाचेच्या दोन्ही टोकांना आधी पंचने गोल भोके पाडून मग मधला भाग कापावा, कारण चौकोनी कोपऱ्यातून कातडे फाटत जाते. शेवटी कडांचे कोपरे तासावेत, कडेला किंचित पाणी लावावे आणि गुळगुळीत लाकडाने ती गरम होईपर्यंत घोटावी, मग मेण चोळून पुन्हा घोटावी. या घोटण्याला अर्धा तास लागतो, आणि घरी केलेल्या पट्ट्याची ओळख याच अर्ध्या तासावरून पटते.

प्रश्न : दुकानदार प्रत्येक कातडे 'शुद्ध आणि नैसर्गिक' म्हणूनच विकतो. ते हिरड्या-बाभळीने कमावलेले आहे की क्रोमने, हे घरी ओळखता येते का? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : येते, आणि त्यासाठी लागणारे द्रव्य पन्साऱ्याकडे मिळते. कातड्याची ताजी कापलेली कड आधी पाहावी. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेल्या कातड्याचा गाभा बहुधा निळसर-राखी असतो, तर वनस्पतिजन्य कातडे आरपार बदामी किंवा तपकिरी दिसते. कातडे रंगात मुरवलेले असेल तर शंका उरते. मग चिमूटभर हिराकस (लोहाचा क्षार) पाण्यात विरघळवून त्याचा एक थेंब आतल्या बाजूवर टाकावा. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुन्या पोथ्या लिहिण्यासाठी हिरडा आणि हिराकस वापरून शाई करीत, तीच ही क्रिया. थेंब निळा-काळा झाला तर कातडे टॅनिनने कमावलेले आहे.

आपल्या शहरात हे अधिक जवळून पाहता येईल. कोल्हापुरी चपलांचे कातडे कमावण्याच्या जुन्या पद्धतीत अख्खे कातडे पिशवीसारखे शिवून त्यात साल आणि हिरड्याचे पाणी भरून टांगत. ते पाणी झिरपत झिरपत कातडे मुरते. याला आठवडे लागतात, तर क्रोमचे काम फार थोड्या वेळात उरकते. क्रोमचे कातडे वाईट असते असे नाही. जॅकेट, पर्स आणि बुटांचा वरचा भाग यांसाठी ते मऊ आणि टिकाऊ ठरते, परंतु ते पाण्यात भिजवून घडवले तरी आकार धरत नाही, म्हणून म्यानासाठी त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. छाटणीची कात्री खिशात ठेवून खिसे फाटतात आणि बाजारातले कापडी घर एका हंगामात जाते. कमरेच्या पट्ट्याला अडकवता येईल असे कातड्याचे घर कसे करावे? (एक बागायतदार, तासगाव)

उत्तर : आपला प्रश्न वाचून मला विशेष आनंद झाला, कारण आपल्याकडे कमरेला लावायच्या म्यानाची खरी गरज पिस्तूल बाळगणाऱ्यांपेक्षा एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी करणाऱ्यांना कितीतरी पटींनी अधिक आहे.

तीन मिलिमीटर जाडीचे वनस्पतिजन्य कातडे घ्यावे. कात्री बंद करून, खटका लावून जाड कागदावर ठेवावी आणि तिच्याभोवती रेघ ओढावी. मागचा तुकडा या रेघेबाहेर सर्व बाजूंनी दीड सेंटिमीटर मोठा आणि वर आणखी बारा-तेरा सेंटिमीटर लांब ठेवावा. हा लांब भाग मागे दुमडून पट्ट्याची वादी होते. पुढचा तुकडा मागच्यापेक्षा दोन्ही बाजूंनी थोडा रुंद हवा, कारण तो कात्रीच्या जाडीवरून फुगून येणार असतो. मुठीचा निम्मा भाग घराबाहेर राहील इतकीच खोली ठेवावी. हातमोजा घातलेला हात मूठ न पाहता पकडू शकला पाहिजे.

आता ज्या गोष्टीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात ती. दोन्ही तुकड्यांमध्ये, शिवणीच्या रेषेवर, एक सेंटिमीटर रुंदीची कातड्याची अरुंद पट्टी भरावी. ही मधली पट्टी नसेल तर पाते प्रत्येक वेळी आत जाताना थेट दोऱ्यावर घासते आणि आठ-दहा दिवसांत शिवण उसवते. पट्टी असली की पाते कातड्यावर टेकते आणि दोरा तिच्यामागे सुरक्षित राहतो. सुरी, विळा, कोयता यांपैकी कशाचेही म्यान केले तरी हा नियम मोडू नये. खालच्या टोकाशी बोटभर जागा न शिवता सोडावी, म्हणजे पाणी आणि कचरा तिथून निघून जाईल.

पट्टी बसवण्यापूर्वी पुढचा तुकडा कोमट पाण्यात बुडवावा. त्यातून बुडबुडे येतील. ते थांबत आले की बाहेर काढावा आणि वरचा भाग मूळ रंगाकडे वळू लागेपर्यंत थांबावे. तेव्हा कातडे वरून कोरडे वाटते, पण गालाला लावले तर गार लागते. हीच घडवण्याची वेळ. कात्री प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घट्ट गुंडाळावी, तिच्यावर कातडे बसवावे आणि अंगठ्याने व चमच्याच्या दांड्याने कडेकडेने दाबत जावे. पिशवीचा कंटाळा करू नये. मी एकदा उघडे पोलादच ओल्या कातड्यात ठेवले आणि सकाळी आतल्या बाजूला कात्रीचा हुबेहूब काळा ठसा मिळाला. हिराकसाचा थेंब जे करतो तेच पात्याच्या लोखंडाने केले होते. असा डाग ताजा असताना लिंबाच्या रसाने बराच फिका होतो, पण पूर्ण जात नाही. घडवलेला तुकडा सावलीत, हवेशीर जागी किमान एक दिवस वाळू द्यावा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवला तर ओले कातडे आक्रसते, कडक होते आणि वाकवताच तडकते.

शिवण हाताने, दोन सुयांनी घालावी. एकाच मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवाव्यात आणि आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून न्याव्यात. अशा शिवणीत एक टाका तुटला तरी शेजारचे टाके धरून राहतात, तर यंत्राची शिवण एका टोकापासून सुटत जाते. शिवणीच्या लांबीच्या सात-आठपट दोरा आणि टाक्यांमध्ये साडेतीन-चार मिलिमीटर अंतर असावे. दुसऱ्या सुईने पहिला दोरा टोचला जाणार नाही याकडे लक्ष ठेवले की बाकी काम सवयीचे आहे.

आपल्या भागात डाळिंबाच्या बागाही आहेत, म्हणून एक इशारा देतो. तेल्या रोगाचा प्रसार टाळण्यासाठी डाळिंबात कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवत छाटणी केली जाते. ते द्रावण कातडे खाते आणि धुता न येणारे घर रोगाचे जंतू या झाडावरून त्या झाडावर नेण्याचे साधन ठरू शकते. डाळिंबाच्या छाटणीत हे घर घरीच ठेवावे.

प्रश्न : मी निवृत्त सैनिक असून माझ्याकडे ३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे. मिळालेले होल्स्टर मऊ पडले आहे. नवे करून घेताना काय पाहावे? (एक वाचक, बुलढाणा)

उत्तर : सर्वांत आधी कायद्याचे. आपले शस्त्र कारागिराकडे माप घेण्यासाठी ठेवून येऊ नये. परवाना आपला आहे, त्याचा नाही. होल्स्टर त्याच मापाच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीवर घडवून घ्यावे आणि शेवटची जुळणी आपण स्वतः, शस्त्र रिकामे केल्यावर, दंडगोल उघडून दोनदा पाहिल्यावर करावी.

मऊ पडलेले होल्स्टर आजच वापरातून काढावे. त्याच्या तोंडाची कड आत वळली आणि शस्त्र आत सरकवताना ती घोड्याच्या (ट्रिगरच्या) कवचात शिरली, तर बोटाने घोडा दाबावा तसेच कातडे तो दाबू शकते. म्हणून नव्या होल्स्टरमध्ये दोन गोष्टींबाबत तडजोड नको. घोडा आणि त्याचे कवच दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकलेले असावे, आणि शस्त्र बाहेर काढल्यावरही तोंड उघडे राहावे. त्यासाठी तोंडाशी कातड्याचा आणखी एक थर शिवून घेतात. वरून बटणाची वादी हवी, आणि ती अंगठ्याने एका हालचालीत सुटली पाहिजे.

ज्या पट्ट्यावर हे लावणार तोही बदलावा लागेल. कडक होल्स्टर मऊ पट्ट्यावर कलंडत राहते. दोन मिलिमीटरचे दोन थर आतल्या बाजू एकमेकींना चिकटवून कडेने शिवले की वजन पेलणारा पट्टा होतो. होल्स्टरच्या मागची खाच पट्ट्याच्या रुंदीपेक्षा जेमतेम केसभर मोठी असावी.

आणि शस्त्र होल्स्टरमध्ये साठवू नये. कातडे हवेतील ओल धरते, त्यातील टॅनिन आम्लधर्मी असते. काही महिन्यांत पोलादावर गंज आणि काडतुसांच्या पितळेवर हिरवा थर येतो. निवडणुकीच्या काळात शस्त्र ठाण्यात जमा करावे लागले तर होल्स्टर सोबत देण्याची गरज नाही, ते कपाटात मोकळे टांगून ठेवावे.

प्रश्न : पावसाळ्यात पट्ट्यांवर पांढरी बुरशी येते. तेल लावले की आणखी वाढते. (एक वाचिका, फोंडा, गोवा)

उत्तर : तेल बुरशीवरच लावल्यामुळे ती वाढते. पट्टा घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने बुरशी पुसावी, मग निम्मे व्हिनेगर आणि निम्मे पाणी यांत भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसाव्यात आणि पंख्याखाली दोन दिवस पूर्ण वाळू द्यावे. त्यानंतरच मेणाचा अगदी पातळ हात द्यावा. खोबरेल मात्र नको, त्याने पट्टा मऊ पडतो आणि त्याला खवट वास येतो. पट्टे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवण्याची आपल्याकडची सवय बुरशीला आमंत्रण देते. बक्कलला धरून ते खुंटीवर टांगावेत, एकमेकांना चिकटू न देता, आणि ती खुंटी पावसाची ओल उतरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर नसावी.